उजव्या पायाचा भाता

ट्रॅक कोर्सच्या पहिल्या दिवसाचं ड्रायव्हिंग संपल्यावर सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्क्रीनवरच्या एका लाल रेषेवर पेनाचं टोक ठेवलं. "हे काय दिसतंय, मॅडम?" मला डोंगर दिसत होता. रेषा सपाटीवरून एकदम उभी चढलेली, वर थोडं पठार, मग पलीकडे हळूहळू उतार. ती माझ्या ब्रेकच्या दाबाची रेषा होती, ट्रॅकचा मोठा सरळ भाग संपतो तिथल्या वळणाच्या आधीची. आणि पठारावर दोन खड्डे होते, कुणीतरी कुदळ मारल्यासारखे. "हा पहिला खड्डा म्हणजे तुमचा चौथ्यातून तिसरा गिअर, आणि हा दुसरा, जास्त खोल, तो तिसऱ्यातून दुसरा. दोन्ही जागी गाडीला ब्रेक हवा होता आणि तुम्ही तो सोडला होता."

मी म्हटलं, मी नाही सोडला. आणि मला खरंच तसं वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं. पाय ब्रेकवरच होता ना! सर काही बोलले नाहीत, नुसतं त्या खड्ड्यावर पेन टकटक वाजवत राहिले.

२२ वर्षं गाडी चालवतेय मी. इतक्या वर्षांत कुणाला धडकले नाही, रिव्हर्स पार्किंग एका दमात, चढावर हँडब्रेक न लावता गाडी उचलते, आणि या सगळ्याचा जो एक छुपा माज असतो तो होताच. तीन दिवसांच्या ट्रॅक कोर्सला नाव घातलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं की गाडी तर आपल्याला येतेच, आता जरा जोरात चालवायला शिकू. हील-अँड-टो हा प्रकार व्हिडिओत बघून माहीत होता. फॉर्म्युला वनचा आयर्टन सेन्ना जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स पळवतोय, पायात रेसिंगचे बूट वगैरे काही नाही, साधे लोफर आणि पांढरे मोजे, आणि कॅमेरा पेडलांवर. ती क्लिप मी किती वेळा पाहिली असेल देव जाणे. बघताना वाटतं, हात्तिच्या, एवढंच? एका पायाने ब्रेक दाबायचा आणि त्याच पायाची कड रेसवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर, टेकवायची. बघणाऱ्याला सगळंच सोपं.

मुळात ही भानगड का करायची ते सांगते, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे उडी मारली तरी चालेल. गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांची गाठ गिअरने बांधलेली असते. समजा चौथ्यात इंजिन ४००० आरपीएमवर फिरतंय आणि तिसऱ्याचा रेशो चौथ्याच्या १.३५ पट आहे, तर त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन ५४०० वर फिरायला हवं. पण क्लच दाबला की इंजिन सुटं होतं, आणि पाय रेसवर नसल्यामुळे फेरे वाढायच्या ऐवजी खालीच यायला लागतात. म्हणजे तुम्ही गिअर टाकून क्लच सोडता तेव्हा इंजिन रेंगाळत असतं तीन-साडेतीन हजारांवर आणि चाकं मागत असतात ५४००. मधली तफावत कुणीतरी भरायची असते. रोजच्या रस्त्यावर आपण क्लच हळूहळू सोडतो आणि ती बिचारी क्लचप्लेट घासत घासत ते कर्ज फेडते, आपल्याला कळतही नाही. ट्रॅकवर हळूहळू सोडायला वेळ नसतो, क्लच चटकन सोडला की ते कर्ज सरळ टायरवर येतं. टायर रस्त्याला धरून इंजिनाला ओढत वर आणतो, आणि तेवढा वेळ ते चाक अडखळतं, जणू कुणीतरी फक्त त्याच चाकांना वेगळा हँडब्रेक लावलाय.

यावर उपाय एकच, क्लच दाबलेला असतानाच इंजिनाला एक झटकन रेस द्यायची, म्हणजे ते आपणहून ५४०० च्या आसपास जातं आणि क्लच सोडला की कुणाला काही कळत नाही. पण उजवा पाय त्या वेळी ब्रेकवर असतो, तोही पूर्ण ताकदीने. म्हणून मग ही कसरत. पायाच्या पंज्याचा डावा भाग ब्रेकवर आणि उजवी कड रेसवर. (नाव हील-अँड-टो असलं तरी आजच्या गाड्यांत टाच फारशी लागत नाही, जुन्या काही रेसिंग गाड्यांत रेसचं पेडल मधे असायचं, तिथून ते नाव चिकटलंय.) आणि स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असो, पेडलांचा क्रम जगभर तोच, त्यामुळे सगळी गंमत उजव्याच पायाची.

वेळ किती असतो या सगळ्याला? १४० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ ३९ मीटर जाते. तिथून ६० पर्यंत यायचं, टायर बरे असतील तर ब्रेक लागल्यापासून तीन सेकंदांच्या आत आणि ८० मीटरच्या आसपास. त्या तीन सेकंदांत दोन गिअर. सर म्हणाले, घाई करू नका, भरपूर वेळ आहे. मला वाटलं चेष्टा करताहेत.

आता त्या खड्ड्यांकडे येते. त्या रात्री झोपताना ती लाल रेषा डोळ्यांसमोर होती आणि अचानक मला पेटी आठवली. लहानपणी चार वर्षं पेटी शिकले मी. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर. सुरुवातीला सरळ अलंकार वाजवताना भाता छान चालतो, हवा येतेय, सूर भरलेला. मग येते एखादी वाकडी तान, करंगळी काळ्या पट्टीवर जायला हवी, अंगठा खालून फिरवायचा, सगळं लक्ष उजव्या हाताच्या बोटांत जातं आणि डावा हात गपकन थांबतो. आपल्याला पत्ताच नाही. बोटं बरोबर पडताहेत म्हणून आपण खूश, आणि सूर मात्र मरगळून खाली बसलेला. आमच्या बाई वहीतून मान वर न काढता म्हणायच्या, "भाता." एवढाच शब्द. आणि मी दर वेळी म्हणायचे, चालू आहे ना बाई.

म्हणजे ४० वर्षांची घोडी झाले तरी ये रे माझ्या मागल्या! ब्रेक हा माझा भाता होता. उजव्या कडेने रेस मारायला पाय वळवला की पंज्याचा दाब ढिला पडत होता, क्षणभरच, पण ग्राफमध्ये खड्डा पडायला तेवढं पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ट्रॅकवर सोडलंच नाही. गाडी उभी, इंजिन बंद, आणि मी आत बसून नुसता पाय वळवायचा सराव करतेय. आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. मी इतकी वर्षं स्टिअरिंगला छातीशी कवटाळून बसत होते ते तिथे कळलं. मग बूट. माझे जाड गुबगुबीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज सरांनी नुसते बघितले आणि मान हलवली. त्यातून पेडल कळतच नाही, उशीवरून नाडी बघितल्यासारखं. सुदैवाने बॅगेत एक पातळ तळव्याचा जोड होता.

बंद गाडीत दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो. सरांना तेच हवं होतं. "आता हे पेडल घट्ट आहे ना, ट्रॅकवर पूर्ण ब्रेक मारल्यावर पायाखाली असंच घट्ट लागतं. यावर वजन ठेवा. आणि वजन न हलवता घोटा फिरवा." मी मांडी फिरवत होते. गुडघा बाहेर जात होता आणि त्याच्याबरोबर सगळं वजनही. घोटा सुटा फिरवणं ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण करून बघा, खुर्चीत बसून पंजाचा डावा भाग जमिनीवर दाबून धरा आणि उजवी कड खाली टेकवा, डावीकडचा दाब जराही न बदलता. मला अर्धा तास लागला आणि पोटरीत गोळा आला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण बरेच जण ऑफिसला जाता-येता याचा सराव करतात आणि मग म्हणतात, जमत नाही बुवा. रस्त्यावर आपण ब्रेक हलका मारतो, त्यामुळे ब्रेकचं पेडल वरच असतं आणि रेसचं पेडल त्याच्या बरंच खाली. पाय पोचतच नाही, पोचवायला गेलं तर ब्रेक जास्त दाबला जातो आणि मागचा हॉर्न मारतो. जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेकचं पेडल खाली जाऊन रेसच्या पातळीला येतं, तेव्हाच ते दोन शेजारी होतात. शिवाय काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबले की कॉम्प्युटर रेस सरळ कापून टाकतो, तिथे तुम्ही जन्मभर घोटा फिरवा. आणि भर ट्रॅफिकमध्ये हे प्रयोग मुळात करूच नयेत, हे माझं मत.

ट्रॅकवर गेल्यावर चुकांची मालिका. पहिल्यांदा क्लच पूर्ण दाबायच्या आधीच रेस मारली, म्हणजे ऐन ब्रेकच्या मधे गाडीला मागून कुणी ढकलावं तसा धक्का. मग घाबरून उशिरा मारली. मग भीतभीत इतकी हळू मारली की इंजिनाने नुसतं हूं केलं. मग एकदम मोठी, लांबलचक, शेजारच्या पिटमधल्या लोकांनी माना वळवाव्यात अशी, पण क्लच सोडेपर्यंत फेरे पुन्हा खाली, म्हणजे आवाज भरपूर आणि उपयोग शून्य. क्लच दाबलेला असताना इंजिनावर कसलंच ओझं नसतं, त्यामुळे रेसला नुसती टिचकी पुरते. टिचकी मारायची आणि ती उतरायच्या आत क्लच सोडायचा, समेवर. सम चुकली की मग तुम्ही कितीही गोड रेस मारा.

चौथ्यातून तिसरा हळूहळू जमायला लागला पण दुसरा काही जमेना. त्याचंही कारण आहे. खालच्या गिअरांमधलं अंतर मोठं असतं, दुसऱ्याचा रेशो तिसऱ्याच्या दीडपट वगैरे असतो, म्हणजे ४००० चे थेट ६०००. तीच टिचकी तिथे तोकडी पडते. आणि हातही घाईला येतो. एकदा तर मी चौथ्यातून तिसरा टाकायच्या ऐवजी लिव्हर न्यूट्रलमधून डावीकडे खेचून परत मागे, दुसऱ्याच्या तोंडाशी नेली. सरांनी वरून हात ठेवून ती धरली. क्लच सोडला असता तर इंजिन लाल पट्टीच्या कितीतरी वर गेलं असतं, आणि तिथे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर काहीही करू शकत नाही, कारण तो फक्त पेट्रोल तोडतो, इथे तर चाकंच इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि खेळ खलास. सरांनी एवढंच सांगितलं, मूठ आवळू नका, तळहाताने ढकला, लिव्हरला स्वतःला माहीत असतं कुठे जायचंय. आणि गिअर लवकर टाकू नका, आधी वेग उतरू दे, ब्रेकपॅड बदलता येतात, इंजिन उघडायची वेळ आणू नका. त्यांच्या आवाजात तेव्हा पहिल्यांदा थोडा कंप होता. किंवा मला तसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी धुळकट बॉनेटवर बोटाने एक वर्तुळ काढलं. याला जर्मन इंजिनिअर वुनिबाल्ड काम याच्या नावाने ओळखतात. टायरची पकड म्हणजे हे वर्तुळ, त्याच्या बाहेर जाता येत नाही. सरळ वर गेलात तर सगळी पकड ब्रेकला, आडवे गेलात तर सगळी वळायला, आणि तिरके गेलात तर वाटून. मला आधी वाटायचं की वळायला ८० टक्के वापरले तर ब्रेकला २० उरतात, साधी वजाबाकी. पण ते वर्तुळ आहे, पायथागोरस लागतो, ८० टक्के वळण घेतानाही तत्त्वतः ६० टक्के ब्रेक मारता येतो. म्हणूनच तर वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता दोरी सैल करावी तसा सोडत सोडत जाता येतं. शाळेत तो त्रिकोण तीन, चार, पाच म्हणून घोकला होता. तो असा बॉनेटवर भेटेल असं कुठे वाटलं होतं.

मग त्याच्या खाली त्यांनी गाडी काढली, दोन चाकं आणि मधे एक ठिपका. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर. उभी असताना पुढे ६०० मागे ६०० धरा. पूर्ण एक जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराचा ब्रेक मारला की २४० किलो मागून पुढे जातात, म्हणजे पुढे ८४० आणि मागे फक्त ३६०. आणि कोर्सची गाडी मागच्या चाकांवर चालणारी. म्हणजे मी जेव्हा रेस न जुळवता क्लच सोडते तेव्हा इंजिनाचा सगळा झटका त्या मागच्या चाकांवर जातो ज्यांच्यावर त्या वेळी त्यांच्या नेहमीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त उरलंय. हे ऐकल्यावर माझा घास घशातच राहिला कारण सकाळपासून मी हेच करत होते.

दुपारी ते करूनही दाखवलं. ओल्या स्किडपॅडवर, म्हणजे गाडी घसरवून बघायच्या मैदानावर, वेग ६० च्या आत, मोकळी जागा. "तिसऱ्यातून दुसरा टाका, रेस देऊ नका, क्लच झटक्यात सोडा, स्टिअरिंग थोडं डावीकडे." मी क्लच सोडला आणि गाडीचं बूड माझ्या उजव्या खांद्यामागून पुढे यायला निघालं. आवाज नाही, काही नाही, ओल्यात टायर ओरडतही नाहीत, नुसतं सगळं जग डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, तेवढं कळत होतं, आणि बूड थांबलंही. मला वाटलं, जिंकले. त्या आनंदात स्टिअरिंग तसंच धरून ठेवलं आणि गाडी दुसऱ्या बाजूला अशी फेकली गेली की पहिलं घसरणं त्यापुढे काहीच नाही. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसं. ट्रॅकवर बरीच माणसं पहिल्या घसरण्यात वाचतात आणि या दुसऱ्यात गिरकी खातात, कारण चाकांना पकड परत मिळते त्या क्षणी हात सरळ व्हायला हवेत आणि ते तर अजून पहिल्या संकटात अडकलेले असतात. त्या गिरकीत मला एक नारिंगी कोन दिसला. एवढ्या मोठ्या मोकळ्या मैदानात तो एकच कोन उभा होता आणि मी बरोबर त्यालाच उडवलं.

"त्याच्याकडे का बघितलंत?" सर म्हणाले. म्हटलं, तोच तर चुकवायचा होता. "जिथे बघाल तिथे जाल. जिथे जायचंय तिथे बघा." हे वाक्य पोस्टरवर वाचलं असतं तर मी जांभई दिली असती, पण कोन अजून बंपरखाली अडकलेला होता. पुढच्या दहा-बारा गिरक्यांत मी नाक आणि डोळे बाजूच्या काचेतून बाहेर ठेवायला शिकले, हात मग आपोआप थोडे शहाणे झाले.

त्याच संध्याकाळी शेवटच्या फेऱ्यांत ब्रेकचं पेडल लांब जायला लागलं, पहिल्यासारखं घट्ट लागेना. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि तापलं की आतल्या आत उकळतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. वाफ झाली की पेडल वाफेला दाबतं, पॅडला नाही. सरांनी लगेच सावकाश फेरी मारून आत घ्यायला लावलं. मी पिटमध्ये गाडी उभी केली, २२ वर्षांच्या सवयीने हात हँडब्रेककडे गेला आणि सर बाहेरून ओरडले, "अगं, हँडब्रेक नको!" तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले की तिथेच त्यांचा ठसा उमटतो, मग पुढे ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला अडण लावायची. ते सगळं ठीक, पण माझ्या लक्षात राहिलं ते अगं. दोन दिवस मॅडम मॅडम चाललं होतं. त्यानंतर ते परत मॅडमवर गेलेच नाहीत.

रात्री मामाला फोन केला. मामाने उमेदीत ट्रक चालवले, सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या चाकांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नसलेल्या गिअरबॉक्सचे. मी त्याला सगळी कसरत रंगवून सांगितली, रेशो, टिचकी, घोटा. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे डबल क्लचच की." क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, रेस मार, परत क्लच, मग गिअर. आवाजावरून कळायचं म्हणे, फेरे दाखवणारा टॅकोमीटर कुठला आलाय. चुकलं तर गिअर दात खायचा आणि शेजारी बसलेला उस्ताद डोक्यात टपली मारायचा. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला आणि त्यानंतर कारवाल्यांची यातून सुटका होत गेली, पण ट्रकवाल्यांची कितीतरी नंतर. मी विचारलं, ब्रेक आणि रेस एकदम? "नाय गं, भरलेली गाडी उतारावर असताना गिअर आधीच टाकून ठेवायचा. उतार लागल्यावर गिअर शोधतो तो ड्रायव्हर नाही." सरांच्या बॉनेटवरच्या वर्तुळाइतकंच हे मला आवडलं, पण मामाला तसं सांगितलं नाही, तो लगेच हवेत जातो.

मग हे शिकायचंच कशाला, हा प्रश्न मला घरीदारी सगळ्यांनी विचारला. रास्त आहे. १९८९ मध्ये फॉर्म्युला वनची फेरारी ६४० स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गिअर घेऊन आली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच रेस त्यावर जिंकली, तिथूनच हे कौशल्य वरच्या रेसिंगमधून निवृत्त व्हायला लागलं. निसानच्या ३७०झेडमध्ये तर २००९ च्या मॉडेलपासून मॅन्युअल गिअरबॉक्स असूनही कॉम्प्युटरच रेस जुळवून द्यायला लागला. आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीच्या लॅप टाइममध्ये हील-टोमुळे काही फार फरक पडत नाही. कुठे बघायचं, वळणाचं आतलं टोक कुठे पकडायचं, ब्रेक कधी सोडायचा, यात कितीतरी सेकंद पडलेले असतात. ज्याचा ब्रेकच अजून एका सरळ रेषेत नीट लागत नाही त्याने हील-टोच्या वाटेला जाऊ नये असं माझं आता ठाम मत झालंय, आणि त्यात मी पहिली. पण मग त्या दोन खड्ड्यांशिवाय मला कळलं कसं असतं की माझा ब्रेक नीट नाही? ऑटोमॅटिक गाडीत तो ग्राफ छान गुळगुळीत आला असता आणि मी आणखी २२ वर्षं माज करत फिरले असते.

तीन वेळा विश्वविजेता झालेल्या जॅकी स्टुअर्टची एक युक्ती सरांना फार प्रिय होती, बॉनेटवर वाडगा बसवायचा, त्यात चेंडू ठेवायचा आणि तो बाहेर न पडू देता गाडी पळवायची. आमच्याकडे वाडगा नव्हता, लॅपटॉप होता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी वेगाचा विचारच सोडून दिला. मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या खुणेपाशी आले की मनात बाई एकदाच म्हणायच्या, भाता. मग पंजाचा डावा भाग पेडलवर असा रुतवायचा की जणू तो आता तिथून निघणारच नाही, आणि मग बाकीचं काय व्हायचं ते होऊ दे, गिअर चुकू दे, रेस कमी पडू दे, पण हा नाही हलणार. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत गिअर खरंच चुकले. मग कधीतरी, कितव्या फेरीत ते आठवत नाही, क्लच सोडला आणि काहीच झालं नाही. म्हणजे काहीच नाही. झटका नाही, डोकं पुढे गेलं नाही, नुसता इंजिनाचा आवाज एक पट्टी वर चढला आणि गाडी तशीच खाली दबलेली वळणात शिरली. मला वाटलं गिअर पडलाच नाही. रेस दिली तर पडला होता.

सर शेजारच्या सीटवर काही बोलले नाहीत. बोटाने पुढच्या वळणाकडे दाखवलं, कारण मी आनंदात तिथे बघायचं विसरले होते आणि ते वळण मी फारच वाईट घेतलं.

दुपारी मी हट्टाने त्यांना चालवायला लावलं आणि स्वतः शेजारी बसले. रस्त्याकडे बघितलंच नाही, सगळं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडे. म्हटलं आता बघतेच. आणि बघण्यासारखं काही नव्हतंच. गुडघा स्थिर, मांडी स्थिर, घोटा हलला की पॅन्टच्या शिवणीवर एक सुरकुती पडायची आणि जायची, बस. मोठ्या वळणाला मला पट्ट्यात लटकायला होत होतं आणि त्या सुरकुत्या दोनच, एक आणि मग एक. पाच फेऱ्या मारून आम्ही आत आलो. गाडी गिअरमध्ये, चाकाला अडण.

लॅपटॉपवर मी दोन्ही रेषा एकावर एक टाकल्या. माझी लाल, त्यांची निळी. माझ्या सगळ्यात चांगल्या फेरीत पहिला खड्डा जवळजवळ बुजला होता, दुसरा होता अजून, पण आता कुदळीचा नाही, चमच्याचा. त्यांचं पठार माझ्यापेक्षा उंच, लवकर चढलेलं आणि वरून सुरीने कापल्यासारखं सपाट. मी झूम केलं. अजून केलं. तिसऱ्यातून दुसऱ्याला, पठाराच्या अगदी कडेला, एक बारीकशी खळी होती, केस अडकावा एवढी.

मी पेन उचललं आणि तिथे टकटक केलं. सर चष्मा लावून पुढे झुकले, बराच वेळ बघत राहिले.

"हॅ," ते म्हणाले. "मी नाही सोडला."